देणे आणि टाकणे : जुन्या वस्त्रांच्या दानाविषयी

भारतीय परंपरेत दानाचे माहात्म्य सांगणारे ग्रंथ विपुल आहेत. अन्नदान, विद्यादान, गोदान, वस्त्रदान असे दानाचे अनेक प्रकार त्यांत वर्णिले आहेत आणि तीर्थक्षेत्री येणारा भाविक यथाशक्ती त्यांपैकी काही ना काही करीत असतो. वस्त्रदानाच्या बाबतीत मात्र एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. दिवाळीपूर्वी घर आवरायला काढले की माळ्यावरची ट्रंक खाली येते, कपाटाचे कप्पे रिकामे होतात आणि घट्ट झालेले सदरे, रंग उतरलेल्या साड्या, मुलांचे आखूड झालेले कपडे यांचे एक मोठे गाठोडे दाराशी जमते. "कोणा गरजूला देऊन टाका," असे घरातील वडीलधारे सांगतात. 'देऊन टाकणे' हा मराठीतील शब्दप्रयोग मोठा बोलका आहे. त्यात देणेही आहे आणि टाकणेही आहे. त्या गाठोड्यात देणे किती आणि टाकणे किती, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न नवीन नाही. कठोपनिषदाचा आरंभच त्यापासून होतो. वाजश्रवस हा सर्वस्वदानाचा यज्ञ करीत होता. यज्ञाच्या अखेरीस दक्षिणा म्हणून गाई नेल्या जाऊ लागल्या. त्या गाई म्हाताऱ्या होत्या. त्यांचे दूध आटलेले होते, पुढे वासरू होण्याची आशा नव्हती, चारापाणी घेण्याचीही ताकद त्यांच्यात उरलेली नव्हती. यज्ञाचे विधी यथासांग चालले होते, दानाची संख्या भरत होती आणि लोक पाहत होते. केवळ नचिकेत या लहान मुलाच्या मनात श्रद्धा जागी झाली आणि आपल्या पित्याच्या हातून काय घडत आहे हे त्याला दिसले. अशा दानाने पित्याला आनंद नसलेले लोक प्राप्त होतील, या भीतीने त्याने "मला कोणाला देणार?" असे पुन्हा पुन्हा विचारले. पुढची यमाच्या घरची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिचा उगम मात्र निरुपयोगी वस्तूच्या दानात आहे, याकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. म्हातारी गाय घरी नेणाऱ्याला तिच्यापासून लाभ काही नव्हता, पण तिला पोसण्याचा भार मात्र त्याच्यावर येणार होता. म्हणजे दात्याच्या अंगणातील ओझे घेणाऱ्याच्या अंगणात गेले, आणि वर पुण्यही दात्याच्याच खात्यावर जमा झाले. घरकामाला येणाऱ्या बाईंना बंद पडलेला मिक्सर मोठ्या औदार्याने दिला जातो, तेव्हा नेमके हेच घडते. दुरुस्तीला लागणारे पैसे तिने कोठून आणावेत, याचा विचार देणाऱ्याने केलेला नसतो. नकार देणेही तिला अवघड असते, कारण दुसऱ्या दिवशी त्याच घरी कामाला यायचे असते. ती तो मिक्सर उचलून नेते आणि वाटेत भंगारवाल्याकडे देते. तिने "फार उपकार झाले" असे म्हटले म्हणून त्याला दान कसे म्हणावे?

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद सांगितले आहेत. ते करताना देश, काळ आणि पात्र यांचा विचार तर आहेच, पण सत्कार न करता, तुच्छतेने दिलेल्या दानाची गणना तामस दानात केली आहे. वस्तू मौल्यवान की स्वस्त, यावर हे वर्गीकरण उभे नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आचार्य शिष्याला निरोप देताना दानाविषयी बोलतात, तेव्हा श्रद्धेबरोबरच लज्जा आणि भय यांचाही उल्लेख करतात. देणाऱ्याला संकोच वाटावा ही कल्पना आज विलक्षण वाटेल. सध्याच्या काळी संकोचाचा सगळा वाटा घेणाऱ्याच्या पदरी टाकलेला दिसतो आणि दाता छायाचित्रासाठी उभा असतो.

यावरून जुनी वस्तू देणेच गैर, असा निष्कर्ष कोणी काढू नये. जुन्या वस्त्राला मराठी घराने कधीही हीन मानलेले नाही. नवजात बाळाला पहिल्याने मऊ जुनेरात गुंडाळतात. आजीचे धुऊन धुऊन लोण्यासारखे झालेले सुती लुगडे फाडून त्याची बाळुती आणि दुपटी होत असत. नव्या कापडाची खळ कोवळ्या त्वचेला बोचते, हे अनुभवाने कळलेले होते. तेच लुगडे पुढे गोधडीत जाई. गोधडी विरली की तिचे पायपुसणे होई आणि शेवटी चूल सारवण्याचे पोतेरे. बौद्धांच्या विनयपिटकात आनंद आणि राजा उदयन यांचा असाच एक संवाद आहे. पाचशे चीवरे मिळाली, त्यांचे करणार काय, असे राजा विचारतो. ती जीर्ण चीवरे घातलेल्या भिक्षूंना वाटू, असे आनंद सांगतात. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची आच्छादने होतील, आच्छादने जुनी झाली की जमिनीवर अंथरू, पुढे त्यांची पायपुसणी करू, मग झाडण्यापुसण्यास घेऊ आणि अखेर चिंध्या कुटून चिखलात मिसळून जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले. आपल्याकडील आजीबाईंना या संवादात नवीन असे काहीच वाटले नसते.

संत गाडगे महाराजांनी तर चिंध्यांची गोधडीच आयुष्यभर अंगावर वागविली. 'गोधडे महाराज', 'चिंधेबुवा' ही त्यांची नावे त्यावरूनच पडली. यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या या पुरुषाला नवे वस्त्र मिळणे अशक्य नव्हते. तो वेष त्यांनी स्वेच्छेने पत्करला होता. नाइलाजाने फाटके नेसावे लागणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि गाडगेबाबांना तो भेद पुरता ठाऊक होता. म्हणूनच गोरगरिबांना धडके वस्त्र मिळावे, याची त्यांना तळमळ होती.

जुने कपडे एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याचा महाराष्ट्रातील सर्वांत परिचित मार्ग दानाचा नसून व्यवहाराचा होता आणि काही अंशी आजही आहे. तो म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची टोपली आणि पाठीला कपड्यांचे बोचके घेऊन ती दुपारच्या वेळी चाळीत येई. मूळच्या गुजरातेतील वाघरी समाजातील या स्त्रिया स्टीलच्या भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेतात. बोहारणीशी घासाघीस करणे हा गृहिणींच्या चातुर्याचा विषय मानला जाई. दोन शर्टांवर डबा मिळावा की एक जरीची साडीही घालावी, यावर तासभर वाद रंगे. ती प्रत्येक कापड उजेडात धरून पाही, विरलेले बाजूला फेकी, "हे चालायचे नाही, ताई" असे स्पष्ट सांगे. दान घेणाऱ्याला हे सांगण्याची सोय नसते. बोहारणीला होती, कारण तिच्या टोपलीत भांडी होती. पुढे ते कपडे धुऊन, रफू करून, बटणे लावून, इस्त्री करून बाजारात जातात. दिल्लीतील रघुबीर नगर येथे याच समाजाचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटेच्या अंधारात भरतो. तेथून ते कपडे मजुरांच्या, फेरीवाल्यांच्या, लहान पगाराच्या नोकरदारांच्या अंगावर पोहोचतात. घेणारा निवडून घेतो, भाव करून घेतो आणि कोणाचे आभार न मानता निघून जातो.

बोहारणीला दारातूनच परत पाठविणारी आणि तोच ढीग अनाथाश्रमात पोहोचवून पावती मागणारी कुटुंबे आज पुष्कळ आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण यांतील कोणत्या मार्गाने घेणाऱ्याची मान अधिक ताठ राहिली, हे त्यांनी एकदा स्वतःशी पाहावे.

पाश्चात्त्य देशांतही काही विचारी माणसे याच प्रश्नाशी येऊन थांबली होती. अमेरिकेतील बोस्टन शहरात एडगर हेल्म्स या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने १९०२ साली सुखवस्तू वस्त्यांतून जुने कपडे आणि घरगुती सामान गोळा करण्यास सुरुवात केली. ते तसेच वाटून न टाकता त्याने गरीब स्थलांतरितांकडून त्याची दुरुस्ती करून घेतली, त्या कामाचा मोबदला त्यांना दिला आणि दुरुस्त वस्तू अल्प किमतीत विकल्या. 'गुडविल' ही आज जगभर परिचित असलेली संस्था त्यातून उभी राहिली. इंग्लंडमध्ये 'ऑक्सफॅम' या संस्थेने ऑक्सफर्ड येथे १९४८ साली काढलेले दुकानही याच धर्तीचे. शिक्षणासाठी तिकडे जाणारी अनेक मराठी मुले थंडीचा पहिला कोट अशाच दुकानातून घेतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. तीच मुले येथे असताना पुण्याच्या जुन्या बाजारातून कपडा घेतल्याचे मित्रांपासून लपवीत असत, हे थोडे गमतीचे आहे. पुस्तकांच्या बाबतीत मात्र येथेही असा संकोच कधी नव्हता. अप्पा बळवंत चौकात वापरलेली पाठ्यपुस्तके घेऊन पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी पदवीधर झाले आहेत आणि आधीच्या विद्यार्थ्याने केलेल्या अधोरेखनाचा त्यांना उपयोगच झाला आहे. बेताच्या उत्पन्नात संसार चालविणाऱ्याने वापरलेले कपाट, सायकल किंवा शिलाई यंत्र विकत घेतले, तर त्याला कंजूष म्हणणे हा अविवेक होय. मुलाची फी वेळेवर भरली जावी म्हणून त्याने तो मार्ग धरलेला असतो.

आपत्तीच्या प्रसंगी दात्यांच्या गर्दीत पात्राचा विसर कसा पडतो, याचे एक ठळक उदाहरण सांगता येईल. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने तमिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला. देशभरातून ट्रक भरभरून जुने कपडे तेथे गेले. त्यांतील बरेचसे फाटके, मळके किंवा तेथील हवामानाला आणि पेहरावाला न जुळणारे होते. कष्टाने मासेमारी करून मानाने जगणाऱ्या त्या लोकांनी ते स्वीकारले नाहीत. कपड्यांचे ढीग रस्त्यांच्या कडेला पडून राहिले. ज्यांनी ते पाठविले त्यांना आपण उपकार केल्याचे समाधान लाभले असेलच. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या 'गूंज' या संस्थेने पुढे ते ढीग निवडण्याचे किचकट काम अंगावर घेतले. गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या संस्थेच्या कामाची एक रीत विचार करण्याजोगी आहे. गावकरी एकत्र येऊन विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, बांबूचा पूल बांधतात आणि त्या श्रमाबद्दल त्यांना कपड्यांचा संच मिळतो. कपडा शहरातून आलेला जुनाच असतो, परंतु तो कमावलेला असतो.

आता गाठोडे बांधणाऱ्याच्या बाजूने एक शब्द. पातंजल योगसूत्रांत पाच यमांपैकी शेवटचा अपरिग्रह आहे. घर आवरून नको असलेल्या वस्तू बाहेर काढणे म्हणजे अपरिग्रह, असा समज अलीकडे रूढ होऊ पाहतो आहे. वास्तविक परिग्रह म्हणजे घेणे, साठविणे. अपरिग्रहाचे पालन दुकानाच्या दारात व्हावयाचे असते, कपाटाच्या दारात फार उशीर झालेला असतो. 'एकावर एक मोफत' अशा पाट्या पाहून घेतलेले कपडे वर्षभरात गाठोड्यात जातात, गाठोडे गेले की कप्पा रिकामा होतो आणि रिकामा कप्पा पुन्हा दुकानाकडे नेतो. अशा घरातील दान वाढत असेल तर ते हव्यासाचे प्रमाण समजावे. त्यातही आजचे बहुतेक कापड कृत्रिम धाग्याचे असते. त्याची धड गोधडी होत नाही, पोतेरे म्हणून ते पाणीही शोषत नाही. जुन्या सुती लुगड्याला जो मार्ग मोकळा होता, तो या कापडाला नाही. घेतानाच याचा विचार न केल्यास ते शेवटी कचऱ्याच्या डोंगरावरच जाणार.

तीर्थक्षेत्री काही यात्रेकरू स्नानानंतर अंगावरचे जुने कपडे नदीत सोडतात. पाप वाहून गेले अशी त्यामागील भावना असते. कपडे मात्र वाहून जात नाहीत. ते घाटाच्या पायऱ्यांना, झुडपांना अडकतात, पाण्यात कुजतात आणि सफाई करणाऱ्या माणसाला कमरेइतक्या पाण्यात उतरून ते ओढून काढावे लागतात. याच क्षेत्रांत दुसरीही एक रीत आहे. कोल्हापूरच्या श्री अंबाबाईस अर्पण झालेल्या साड्या भाविक प्रसाद म्हणून विकत घेतात. ती साडी पूर्वी कोणाच्या हातून आली, हे घेणारी विचारीत नाही. ती कपाळाला लावते, घरी नेऊन सणाला नेसते. ती साडी कोणी हाताळली, देवीपुढे कधी वाहिली गेली, यांपैकी कशानेही तिचे मोल घटत नाही. आदराने ठेवलेली, घडी घालून हातात दिलेली वस्तू म्हणून ती घरात येते.

ज्यांना या दिवाळीत गाठोडे बांधावयाचे आहे त्यांनी कपडे आधी धुवावेत, वाळवावेत आणि एकेक उजेडात धरून पाहावेत. विरलेले असतील ते पुसण्यासाठी घरीच ठेवावेत. तुटलेले बटण लावावे, उसवलेली शिवण घालावी. परकर आणि सलवार नाडीसह द्याव्यात, कारण नाडीवाचून त्या नेसताच येत नाहीत आणि नाडी विकत आणण्याचे काम पुन्हा घेणाऱ्यावर पडते. चपलांची जोडी दोरीने एकत्र बांधावी. स्वेटर आणि शाली थंडी पडण्यापूर्वी, शाळेचे गणवेश जूनच्या आधी पोहोचवावेत. आणि जेथे द्यावयाचे तेथे काय हवे आहे, हे घरातून निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.