मृतांची भूमी : भेद विधीचा आणि भेद जातीचा

मृत देहाचे काय करावे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक समाज देह आणि आत्मा यांविषयीच्या आपल्या धारणेनुसार देतो. म्हणून बारामती-इंदापूर भागात, पणदरे परिसरातील गावांतही, निरनिराळ्या समाजांच्या अंत्यविधींत जे भेद आढळतात त्यांच्यामागे रूढीइतकेच तत्त्वज्ञानही उभे असते.

हिंदू परंपरेत दहन ही अंत्येष्टी, म्हणजे देहावरचा शेवटचा संस्कार होय. राख सावडून ती पाण्यात सोडली की मृताची खूण जमिनीवर सहसा उरत नाही. संन्याशाने मात्र संन्यास घेतानाच अग्नीचा त्याग केलेला आणि स्वतःचे श्राद्धही उरकलेले असते, त्यामुळे त्याला अग्नी न देता समाधी देतात, म्हणजे बसत्या स्थितीत भूमीत ठेवतात. लिंगायत समाजात हा मान गृहस्थालाही मिळतो: आयुष्यभर अंगावर धारण केलेले इष्टलिंग त्याच्या हाती देऊन, विभूती आणि बेलाची पाने वाहून त्याला बसवून पुरतात, कारण तो शिवाशी एकरूप झाला अशी श्रद्धा असते. इस्लामच्या मते देह पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत मातीच्या स्वाधीन असतो. म्हणून आपल्याकडे कबर दक्षिणोत्तर खणून मृताचा चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, वळवतात.

या भूमीतील सर्वांत बोलका पुरावा मात्र यांहून कितीतरी जुना आहे. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या लोकांची, वसाहत उजेडात आली. तेथे तान्ही मुले दोन रांजणांची तोंडे एकमेकांना जुळवून त्यांत ठेवलेली आणि घराच्या जमिनीखालीच पुरलेली सापडली, तर प्रौढांना उताणे निजवून पुरताना त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली होती. मृताने घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागची भावना असावी, असे काही अभ्यासक मानतात. पुढे मनुस्मृतीने दोन वर्षांखालील मूल न जाळता गावाबाहेर ठेवण्यास सांगितले. लेकरू मातीच्या स्वाधीन करण्याची रीत टिकली, पण त्याची जागा उंबऱ्याच्या आतून गावाबाहेर गेली. मृत आपले की परके, या प्रश्नावर माणसाचे मन किती दुभंगलेले असते, हे या एका बदलातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच कशातून होते.

या सर्व भेदांना धर्मविचाराचा आधार आहे. एकाच विधीने दहन होणाऱ्यांसाठी जातवार स्मशाने राखण्याला मात्र असा कोणताही आधार सापडत नाही, कारण आत्म्याला जात नसते आणि राखेलाही नसते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत एकाच येशूला मानणाऱ्या गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची दफनस्थाने दीर्घकाळ वेगळी राहिली, त्यातही हाच दोष होता. सार्वजनिक स्मशानभूमीचा वापर अस्पृश्यतेच्या कारणावरून नाकारणे हा १९५५ च्या कायद्याने, ज्याला पुढे नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, गुन्हा ठरवला आहे आणि गावातील दहन-दफनभूमीची व्यवस्था ग्रामपंचायतीच्या कामांत मोडते. तेव्हा प्रत्येक गावाने विधी ज्याचा त्याला मोकळेपणाने करू द्यावा, त्यासाठी लागणारी जागा आणि वाट द्यावी, आणि जातीच्या नावाने राखलेली स्मशाने आता सर्वांसाठी खुली करावीत.