साध्या पीव्हीएचा धागा कुठंय?

बस. तो आलेख आधी समोर ठेव. ‘ग्राफीन ऑक्साइडमुळे ताकद दुप्पट’ असं मथळ्यात ठोकून मोकळा झालास. दुप्पट कशाच्या? ग्राफीन ऑक्साइड मिसळलेला धागा गरम करून पाचपट ओढलास आणि साधा पीव्हीएचा धागा नुसता वाळवून ठेवलास. अरे, ओढलं की पॉलिमरच्या साखळ्या एका दिशेला लागतात, स्फटिकता वाढते. ताकद दिली ओढीनं, हारतुरे ग्राफीन ऑक्साइडला! हे तुला ठाऊक नाही म्हणतोस? ज्युनिअर पोरांना हेच तू फळ्यावर शिकवतोस.

व्यास कुठे मोजलास? एकाच जागी. छेद गोल धरलास. ओल्या कताईचा धागा वाळताना आक्रसतो, चपटा पडतो, हे तुझ्याच एसईएमच्या फोटोत दिसतंय. व्यासात 10 टक्के चूक म्हणजे ताकदीत जवळपास 20 टक्के. वर्ग करायला शाळेतच शिकलास ना?

म्हणे, पावसाळी हवेनं आकडे हलतात. नाचता येईना, अंगण वाकडं! पीव्हीए पाणी शोषतो, ग्राफीन ऑक्साइडही शोषतं. म्हणूनच चाचणीआधी धागे ठरावीक आर्द्रतेत ठेवायचे असतात. ठेवलेस?

आणि ही वही बघ. आकडा कमी आला की शेरा ‘पकडीत तुटला, वगळला’. जास्त आला की शेराच नाही. धागा कुठे तुटला हे डोळ्यांनी ठरवतोस की आकडा बघून?

एक्सआरडीत 11 अंशांच्या आसपासचं ग्राफीन ऑक्साइडचं शिखर दिसेना, तर लगेच ‘पत्रे पूर्ण सुटे झाले’. मिश्रणात ग्राफीन ऑक्साइड आहेच मुळी 1 टक्का! शिखर दिसणार कुठून? तोही 1 टक्का अंदाजानंच. ग्राफीन ऑक्साइडच्या लगद्यात कोरडा माल किती, हे वाळवून तोललंस कधी? गुठळ्या शोधायच्या तर तुटलेल्या टोकाचा छेद बघ. पण तिथे सापडल्या तर मथळा जाईल, नाही का?

हात चांगला आहे तुझा. तासभर न तुटता धागा काढणारा या प्रयोगशाळेत दुसरा नाही. म्हणूनच चीड येते. येत नसतं तर शिकवलं असतं. येत असून टाळणाऱ्याला काय शिकवू?

ऊठ. तोच पीव्हीए, तीच सुई, तितकीच ओढ, तीच आर्द्रता. साधा धागा आधी. वाढ 20 टक्केच निघाली तर 20 लिही. त्यावर मी डोळे मिटून सही करीन. या ‘दुप्पट’वर नाही.