शत्रूला ‘मदत हवी का?’ असं विचारताना

‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या सहाव्या चित्रपटाची सुरुवात एका फुटणाऱ्या कपाने होते. कॅप्टन सुलू आपलं ‘एक्सेल्सियर’ हे यान घेऊन घरी परतत असतो. अचानक कुठूनतरी एक प्रचंड लाट येऊन यानावर आदळते, आणि चहाचा कप टेबलावरून पडून फुटतो. शोध घेतल्यावर कळतं, की क्लिंगॉन साम्राज्याचा प्रॅक्सिस नावाचा चंद्र फुटलाय. क्लिंगॉनांची बरीचशी ऊर्जा तिथेच तयार व्हायची.

क्लिंगॉन म्हणजे शत्रू. सीमेवर ‘तटस्थ पट्टा’ आहे, तो ओलांडायचा नाही असा करार आहे. तरीही सुलू निरोप पाठवतो: आम्हाला मोठा स्फोट दिसला, मदत हवी आहे का? उत्तरादाखल पडद्यावर आधी एक क्लिंगॉन दिसतो. भोवती आग, तोंडात किंकाळी. क्षणभरात तो नाहीसा होतो आणि त्याच्या जागी एक लष्करी अधिकारी येतो. तो शांतपणे सांगतो, की किरकोळ घटना होती, सगळं आटोक्यात आहे, मदतीची गरज नाही, तुम्ही करार पाळा आणि सीमेबाहेर राहा.

मला हा सगळा चित्रपट या दोन चेहऱ्यांत दिसतो. एक चेहरा जळतोय, दुसरा ‘काही झालं नाही’ म्हणतोय. प्रश्न असा, की सुलूने यातल्या कुणाचं ऐकायचं?

ही गोष्ट अंतराळातली असली तरी तिचं मूळ जमिनीवर आहे. चित्रपट डिसेंबर १९९१ मध्ये आला, सोव्हिएत संघ त्याच महिन्यात विसर्जित झाला. प्रॅक्सिसच्या मागे चेर्नोबिल आहे, हे तेव्हा प्रेक्षकांना सांगावं लागलं नव्हतं. १९८६ साली त्या अणुभट्टीचा स्फोट झाला, आणि जगाला पहिली कुणकुण लागली ती स्वीडनमधल्या एका अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं वाजायला लागली तेव्हा. सोव्हिएत सरकारचं जेमतेम चार ओळींचं निवेदन त्यानंतर आलं.

असा नकार ऐकला की आपण पटकन म्हणतो, काय हा माज! घर जळतंय आणि हे शेजाऱ्याची बादली नाकारतायत. पण थोडं त्यांच्या बाजूला जाऊन उभे राहा. मदत करणारा तुमच्या घरात शिरतो. तुमची भिंत कुठे पडली, तिजोरी कुठे आहे, तुमच्याकडे काय नाही, हे सगळं त्याला दिसतं. उद्या पुन्हा भांडण झालं तर?

आणि हा संशय काही वेळा खराही निघतो. २०११ मध्ये पाकिस्तानातल्या ॲबटाबादमध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी सीआयएने कावीळ-बीच्या लसीकरण मोहिमेचा आडोसा घेतला होता. लादेन मारला गेला. पण ‘लस टोचायला येणारे हेर असतात’ या अफवेला त्यामुळे पुरावा मिळाला. पुढच्या काही वर्षांत पाकिस्तानात पोलिओचे डोस पाजणाऱ्या कितीतरी कार्यकर्त्यांचा जीव गेला. त्या हल्ल्यांचं हे एकमेव कारण नव्हतं, पण हल्लेखोरांच्या हाती आयतं निमित्त पडलं. २०१४ मध्ये अमेरिकेने जाहीर केलं, की यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही. वचन चांगलं आहे. पण ते द्यावं लागलं, यातच क्लिंगॉन अधिकाऱ्याची बाजू आली.

म्हणून मला संशयाचा राग येत नाही. मला प्रश्न पडतो तो संशयाच्या किमतीचा. ती कोण मोजतं?

१२ ऑगस्ट २००० रोजी रशियाची ‘कुर्स्क’ ही अणुपाणबुडी बॅरेंट्स समुद्रात बुडाली. आत ११८ जण होते. स्फोटानंतरही २३ जण मागच्या भागात जिवंत होते. ब्रिटन आणि नॉर्वे मदत द्यायला तयार होते, रशियाने होकार दिला तो १६ तारखेला. नॉर्वेच्या पाणबुड्यांनी २१ तारखेला झडप उघडली तेव्हा आत फक्त पाणी होतं. ते २३ जण काही तासच जगले असावेत, असं तपासात म्हटलं गेलं. म्हणजे लगेच होकार दिला असता तरी कदाचित कुणी वाचलं नसतं. पण नकार देणाऱ्यांना तेव्हा हे कुठे माहीत होतं?

पाच वर्षांनी, ऑगस्ट २००५ मध्ये, तसाच प्रसंग पुन्हा आला. कामचात्काजवळ ‘एएस-२८’ ही रशियन नौदलाची छोटी पाणबुडी सुमारे १९० मीटर खोल अडकली. आत सात जण, आणि हवा संपत चाललेली. ती मासेमारीच्या जाळ्यांत आणि समुद्रतळावरच्या टेहळणी यंत्रणेच्या केबलांत गुंतली होती. म्हणजे परक्याला दाखवू नये अशीच जागा. या वेळी रशियाने थेट मदत मागितली. ब्रिटिशांनी ‘स्कॉर्पिओ’ नावाचं दुरून चालवायचं यंत्र विमानाने आणलं, पाण्यात सोडलं, गुंता कापला. सातही जण जिवंत वर आले. परक्यांनी ती यंत्रणा जवळून पाहिली, आणि त्यापायी रशिया काही बुडाला नाही.

इतकं सरळ उदाहरण क्वचितच मिळतं. एरवी दोन्ही बाजूंकडे शहाणी कारणं असतात, आणि तिथेच घोटाळा होतो.

त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला काश्मीरमध्ये भूकंप झाला. पाकिस्तानच्या बाजूला ७३ हजारांहून जास्त माणसं गेली. दरडींनी रस्ते बंद झाले, डोंगरातल्या गावांपर्यंत पोचायला हेलिकॉप्टर हाच मार्ग उरला. भारताने हेलिकॉप्टर देऊ केली. पाकिस्तान म्हणालं, द्या, पण तुमचे वैमानिक नकोत. भारत म्हणाला, आमच्या वैमानिकांशिवाय हेलिकॉप्टर देणार नाही. दोघांचंही पटतं. ज्या प्रदेशासाठी युद्धं झाली त्यावरून शत्रूच्या लष्कराचा वैमानिक कोण उडू देईल? आणि आपलं लष्करी हेलिकॉप्टर परक्याच्या हातात कोण देईल? तंबू, ब्लँकेटं, औषधं गेली. पुढे नियंत्रण रेषेवर पाच ठिकाणी वाटही उघडली. हेलिकॉप्टर मात्र गेली नाहीत. दोन शहाणपणांची बेरीज केली, आणि उत्तर आलं: डोंगरावर वाट पाहणारा जखमी माणूस.

आपण नेहमी सुलूच्याच जागी असतो असंही नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारताने परदेशी मदत घेतली होती. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत आपल्याकडे दहा हजारांवर माणसं गेली, तेव्हा मात्र सरकारने परदेशी सरकारांना कळवलं, की आमचं आम्ही बघू, लागलं तर सांगू. त्याच वेळी आपल्या नौदलाची जहाजं श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाला मदत घेऊन निघाली होती. मला या निर्णयाचा थोडा अभिमान वाटतो. आणि अभिमान वाटतो म्हणूनच क्लिंगॉन अधिकाऱ्याचा चेहरा ओळखीचाही वाटतो. घेणाऱ्यांच्या रांगेतून देणाऱ्यांच्या रांगेत जायचं असलं, की पहिलं काम ‘नको’ म्हणणं हेच असतं.

फरक एवढाच, की ‘नको’ म्हणणाऱ्याकडे स्वतःचं काही असायला हवं. मे २००८ मध्ये म्यानमारवर नर्गिस चक्रीवादळ आलं. सुमारे १ लाख ३८ हजार माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. अमेरिकेची ‘एसेक्स’ आणि तिच्या सोबतची जहाजं हेलिकॉप्टर, पाणी, औषधं घेऊन किनाऱ्याबाहेर उभी होती. लष्करी राजवटीने विमानांनी आणलेलं काही सामान यांगोनमध्ये उतरू दिलं, पण त्या जहाजांना अखेरपर्यंत परवानगी दिली नाही. जूनच्या सुरुवातीला ती निघून गेली. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री कुश्नेर यांचं म्हणणं होतं, की लोकांचं रक्षण करण्याची जबाबदारी जगावर आहे, तेव्हा परवानगी नसली तरी मदत पोचवावी.

इथे मनाची ओढाताण होते. नकार देणारे जनरल उपाशी नव्हते. जळणाऱ्याच्या वतीने ‘काही झालं नाही’ म्हणायचा अधिकार त्यांना कुणी दिला? पण बंदुकीच्या जोरावर तांदळाची पोती उतरवायची, तर पोत्यामागची बंदूक आधी दिसणार. पुढचा प्रत्येक हुकूमशहा प्रत्येक पोत्याकडे त्याच नजरेने बघणार. अखेर दार उघडलं ते शेजाऱ्यांनी. ‘आसियान’ या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेने मध्यस्थी केली, संयुक्त राष्ट्रं आणि म्यानमार सरकार यांच्यासोबत समिती नेमली, आणि मदतकर्ते खोऱ्यातल्या गावांत पोचू लागले. उशीर झाला, पण पोचले. देणाऱ्याला यात आपला झेंडा बाजूला ठेवावा लागतो. पोत्यावर आपलं नाव नसलं तरी चालेल का, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारून बघावा.

मला वाटतं, घेणाऱ्याला मदतीपेक्षा उपकार जड जातो. उपकाराची परतफेड करावी लागते, किंवा मान खाली घालावी लागते. म्हणून शत्रूला करायची मदत उपकार वाटता कामा नये. ती रिवाज असावी.

आपल्याकडे हे फार जुनं शहाणपण आहे. भाऊबंदकीत वर्षानुवर्षं बोलणं बंद असतं, बांधावरून कोर्टात केस चालू असते. तरी त्या घरात मयत झालं की लोक जातात. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, बाहेरून पिठलं-भाकरी येते. ती आणणारा ‘बघा, मी किती मोठ्या मनाचा’ असं म्हणत नाही. खाणाराही कर्जात पडत नाही. केसची पुढची तारीख कायम असते. रिवाजाने दोघांचीही मान ताठ ठेवलेली असते.

समुद्रावर हाच रिवाज कायदा झालाय. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्याच्या ९८ व्या कलमानुसार, समुद्रात जीव धोक्यात असलेला कुणीही दिसला, तर आपलं जहाज आणि माणसं गंभीर धोक्यात न घालता शक्य ती मदत करणं हे कॅप्टनचं कर्तव्य आहे. बुडणाऱ्याचा देश विचारायचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये सोमाली चाच्यांनी पकडलेल्या एका मासेमारी बोटीतून ‘आयएनएस सुमित्रा’ने १९ पाकिस्तानी खलाशांना सोडवलं. कुणाच्या वैमानिकाने उडायचं, यावर कुणी अडून बसलं नाही. दोन्ही देशांचं वैरही होतं तिथेच राहिलं.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे. शत्रूला वाचवलं तर तो उद्या उलटेल. चित्रपटात ॲडमिरल कार्टराइट हेच म्हणतो: क्लिंगॉन मोडकळीला आलेत, आता त्यांना गुडघ्यावर आणायची संधी आहे. कॅप्टन कर्क तर त्याच्याही पुढे जातो. ते मरणार असतील तर मरू देत, असं तो संतापून म्हणतो. त्याच्या मुलाला क्लिंगॉनांनी मारलेलं असतं. त्या रागाला मी नावं ठेवू शकत नाही. आणि आक्षेपात तथ्यही आहे. शत्रूला शस्त्रं दुरुस्त करून देणं म्हणजे मदत नव्हे. पण हवा, पाणी, औषध, ढिगाऱ्याखालून बाहेर काढणारे हात यांना हा आक्षेप लागू होत नाही. तिथे ‘उद्या उलटेल’ याचा अर्थ होतो ‘आज मरू दे’. ज्याला तसं म्हणायचंय त्याने निदान कर्कसारखं उघड म्हणावं.

गंमत म्हणजे जातो तो कर्कच. मनात द्वेष घेऊन, हुकूम म्हणून. क्लिंगॉन चॅन्सलर गॉरकॉनच्या यानावर हल्ला होतो, तेव्हा कर्क आणि डॉक्टर मॅकॉय स्वतःहून तिकडे धाव घेतात. म्हणजे मदत करायला आधी मन निर्मळ व्हावं लागतं असं नाही. पाय आधी गेले तरी चालतं. या धावण्याचं बक्षीस? गॉरकॉन मरतो, आणि दोघांवर त्याच्याच खुनाचा खटला चालतो. आपल्यावर संशय घेतला जाणार, हे मदत करणाऱ्याने धरूनच चालावं.

त्या खोलीतलं एक दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही. मॅकॉय छातीवर दाब देतोय, रक्त थांबवायचा प्रयत्न करतोय, आणि त्याला क्लिंगॉन शरीराची रचनाच माहीत नाही. सत्तर वर्षांचं वैर! त्यांच्या यानांचा वेग, तोफांचा पल्ला, सीमेवरच्या हालचाली, सगळं फेडरेशनला पाठ. आणि शरीर आतून कसं असतं, हे त्यांच्या सर्वोत्तम डॉक्टरला ठाऊक नाही.

हवं तर आपण स्वतःची परीक्षा घेऊन बघू. सीमेपलीकडच्या क्षेपणास्त्रांची नावं आपल्यातल्या अनेकांना येतात. तिथल्या एखाद्या डोंगराळ गावात भूकंपानंतर सगळ्यात आधी काय लागेल, हे कितीजणांना सांगता येईल?