शांत पडलेला पेशंट

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या एखाद्या आजी तिसऱ्या दिवशी गुमान पडून असतात. सलाइन ओढत नाहीत, ओरडत नाहीत. हाक मारली की डोळे उघडतात, 'बरं आहे' म्हणतात, पुन्हा मिटतात. राऊंडवर डॉक्टर नाव विचारतात, गाव विचारतात. उत्तर बरोबर येतं. वॉर्डात कुणालाच त्यांचा त्रास नसतो, आणि डेलिरिअम, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणारा मेंदूचा गोंधळ, असा डोळ्यांदेखत निसटतो.

खाटेवरून उठून पळणारा, भिंतीवर मुंग्या दिसणारा पेशंट सगळ्यांना कळतो. उतारवयात मात्र हा निपचित प्रकार फार आढळतो, आणि थकवा, उदासी, 'आता वयच झालं' अशा समजुतींखाली तो झाकून जातो.

मग ओळखायचा कसा? डेलिरिअममध्ये सगळ्यात ठळकपणे ढासळतं ते लक्ष. स्वतःचं नाव, गाव आयुष्यभर इतकं मुरलेलं असतं की मेंदू गोंधळलेला असतानाही ते ओठांवर येतं. म्हणून लक्ष टिकवावं लागेल असं काही विचारायला हवं. एडिंबरात तयार झालेल्या 'फोर-ए-टी' या छोट्या चाचणीत डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला सांगतात. आपल्याकडे शाळेत न गेलेल्या आजींना महिने अडतील, पण वार पाठ असतात. 'आजी, शनिवारपासून वार उलटे म्हणा बरं.' शनिवार, शुक्रवार... मग थांबतात, 'दूध उतू जाईल' असं काहीतरी पुटपुटतात, आणि आपण काय विचारलं होतं हेच हरवून जातं. एवढ्याने निदान पक्कं होत नाही, पण शंका घ्यायला हे पुरेसं आहे.

दुसरी खूण काळाची. डेलिरिअम काही तासांत, फार तर दिवसांत येतो, आणि दिवसभर कमी-जास्त होत राहतो. सकाळी दहाला आजी नीट बोलतात, दिवेलागणीनंतर लेकीलाच परकी समजतात. राऊंड सकाळी असतो! डॉ. शेरॉन इनोये आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मांडलेल्या 'कॅम' या डेलिरिअम ओळखण्याच्या पद्धतीत हा अचानक आलेला, चढउतार होणारा बदल आणि लक्ष न टिकणं, या दोन्ही गोष्टी असाव्याच लागतात. त्यांच्या जोडीला विस्कळीत विचार किंवा शुद्धीच्या पातळीतला बदल, यांपैकी एक.

यातल्या पहिल्या गोष्टीचं उत्तर एकदाच पेशंटकडे पाहून मिळत नाही. ते खाटेशेजारी चटईवर रात्र काढणाऱ्या लेकीकडे किंवा सुनेकडे असतं, रात्रपाळीच्या सिस्टरकडे असतं. 'पडायच्या आधी या अशाच होत्या का?' हा एक प्रश्न मला कुठल्याही स्कॅनपेक्षा मोलाचा वाटतो. नातेवाइकांना गर्दी समजून दाराबाहेर काढणाऱ्या वॉर्डाने आपला सर्वांत चांगला साक्षीदार बाहेर काढलेला असतो. स्मृतिभ्रंश बहुधा महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो. 'परवापर्यंत भाजी निवडत होती' असं घरचे सांगत असतील, तर हा त्याचा नेहमीचा उतार नाही. आधीपासून स्मृतिभ्रंश असलेल्या माणसालाही डेलिरिअम होतो, किंबहुना अधिक सहज होतो.

ओळखल्यावर खरं काम सुरू होतं, कारण डेलिरिअमच्या मागे शरीरातलं काहीतरी बिघडलेलं असतं: तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, न्यूमोनिया, घसरलेलं सोडियम, न सांगितलेली वेदना, अचानक थांबलेली दारू, सर्दीची किंवा झोपेची साधी गोळी. कारण न शोधता झोपेचं औषध वाढवलं तर गोंधळ बऱ्याचदा आणखी वाढतो. चष्मा आणि कानाचं यंत्र 'हरवेल' म्हणून घरी पाठवलेलं असतं, तेही परत मागवावं. इनोये यांच्याच 1999 च्या अभ्यासात चष्मा, श्रवणयंत्र, पुरेसं पाणी, रात्रीची झोप, लवकर चालवणं अशा गोष्टी नेमाने सांभाळल्यावर डेलिरिअमचं प्रमाण 9.9 टक्के राहिलं, नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात ते 15 टक्के होतं.

डिस्चार्ज कार्डावर 'डेलिरिअम झाला होता' हे लिहिलं जायलाच हवं. गोंधळ कधी कधी घरी गेल्यावरही काही आठवडे रेंगाळतो, आणि पुढच्या ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही नोंद आधी दिसली पाहिजे.