दाराबाहेरची पिशवी

रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे, हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानचाच एक भाग सांगितला. मग वाचकहो, फुटलेला पेला उष्ट्या भातासह एकाच पिशवीत बांधून आपण दाराबाहेर ठेवतो, तेव्हा त्रास दूर होतो काय? तो केवळ घंटागाडीवरील हातांकडे जातो. ओला, सुका व घातक कचरा वेगळा देण्याचा नियम २०१६ पासून आहेच. पण दंड ही येथे गौण बाब. हुकूकुल इबादमध्ये केवळ तौबा पुरत नाही, ज्याला इजा झाली त्याची माफीही लागते. ज्याचे नावही ठाऊक नाही, त्याला शोधणार कोठे? काच जाड कागदात गुंडाळून (त्यावर अल्लाहचे नाव वा आयत छापलेली नसावी), सांगून, वेगळी हातात द्यावी.