जें मिसळलें तें नाहींसें झालें काय?

दोन वस्तु मिळून एकरूप झाल्यावर त्यांतील लहान वस्तूचा नाश झाला असें म्हणावें काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. लहान वाडी मोठ्या गांवांत मिळते आणि पुढें लोक गांवाचेंच नांव घेतात, तेव्हां वाडीकरांच्या मनांत हाच प्रश्न उठतो. त्याचा विचार करण्यास आकाशांतील एक उदाहरण उपयोगी पडेल.

अब्जावधि ताऱ्यांच्या समुदायास दीर्घिका म्हणतात. आपला सूर्य अशाच एका समुदायांत आहे. दक्षिणेकडील नरतुरंग नांवाच्या तारकापुंजांत एक विलक्षण दीर्घिका आहे. तेथून निघालेला प्रकाश आपणांपर्यंत येण्यास सुमारें १.२ कोटी वर्षें लागतात. इ. स. १८२६ मध्यें जेम्स डनलॉप ह्यांनीं ऑस्ट्रेलियांतील पॅरामॅटा येथून ती शोधून काढिली. तिचा आकार अंडाकृति व तेजस्वी. परंतु मधोमध धुळीचा एक काळा पट्टा आडवा गेलेला आहे. अशा दीर्घिकांत इतकी धूळ सहसा नसते. मग ही आली कोठून? १९५४ सालीं बाडे व मिंकोव्स्की ह्या शास्त्रज्ञांनीं असें सुचविलें कीं, येथें दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या आहेत. पुढील शोधांनीं हें मत दृढ झालें: धूळ व वायु ह्यांनीं भरलेली दुसरी दीर्घिका हिच्यांत मिळून गेली.

अशा मीलनांत तारे एकमेकांवर बहुधा आदळत नाहींत. त्यांच्यामधील अंतर फारच मोठें असतें. परंतु वायूचे मेघ दाबले जातात आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. त्या काळ्या पट्ट्यांत आजहि असे तारे उत्पन्न होत आहेत. म्हणजे जी मिळाली तिचा आकार मोडला, तिचें निराळेपण गेलें, तरी तिचें द्रव्य गेलें नाहीं. उलट जिच्यावरून ही दीर्घिका ओळखली जाते ती खूण तिनेंच आणिलेली आहे.

तर मग मोठ्यानें लहानास गिळावें हें योग्य ठरलें काय? मुळींच नाहीं. ताऱ्यांस इच्छा नाहीं, म्हणून त्यांजकडे दोषहि नाहीं व पुण्यहि नाहीं. ते आकर्षणाच्या नियमानें चालतात. मनुष्यास इच्छा आहे, म्हणून त्यास जाब द्यावा लागतो. दुसऱ्याचें मोडून पुढें कांहीं चांगलें निघालें, तरी मोडण्याचा अन्याय त्यानें धुतला जात नाहीं.

कसें वागावें हें आकाश सांगत नाहीं. परंतु आकार मोडणें आणि नाश होणें ह्या दोन गोष्टी एक नव्हत, एवढें तें दाखवितें. म्हणून नांव गेलें असतां वाडीकरांनीं आपण सरलों असें मानूं नये. आणि आपल्या गांवांत कोणाची माती मिसळली आहे हें गांवकऱ्यांनीं विसरूं नये.