सरासरीचा न्याय

नुकसान एकाच्या शेतात आणि भरपाई मात्र साऱ्या महसूल मंडळाच्या सरासरीवर, याला न्याय म्हणायचे का? पीक विम्यात हा प्रश्न दर हंगामात तक्रार म्हणून उठतो. मुळात तो नीतिशास्त्राचा आहे. महसूल मंडळात मोजक्या प्लॉटांवर पीक कापणी प्रयोग होतात. त्यांतून निघालेले सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे भरपाईसाठी ठरवलेल्या पातळीच्या, खाली गेले, तर त्या पिकाच्या सगळ्या विमाधारकांना एकाच प्रमाणात भरपाई मिळते. ज्याचे सोयाबीन पाण्यात कुजले त्याला मिळते, ज्याचे झकास आले त्यालाही मिळते. मंडळ तरले आणि एकटाच बुडाला, तर त्याच्या हाती काही लागत नाही.

ही रचना कुणा निष्ठुर माणसाने केलेली नाही. 1972 साली गुजरातेत एच-4 कापसापासून वैयक्तिक पाहणीचा विमा सुरू झाला, पुढे काही राज्यांत तो 1978-79 पर्यंत चालला. 3,110 शेतकरी, हप्ते 4.54 लाख रुपये आणि भरपाई 37.88 लाख! पीक निसर्गाने बुडवले की हयगयीने, हे बांधावर उभे राहून ठरवणे अवघड आणि महागही. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी 1976 साली क्षेत्राधारित विम्याची बाजू मांडली, ती याच अडचणीवर. भरपाई मंडळाच्या उत्पन्नावर ठरत असेल तर स्वतःचे पीक मुद्दाम बिघडवून कुणाचाच फायदा नाही. उलट कष्ट करणाऱ्याचे जादा पीक त्याच्याकडेच राहते. शेतकऱ्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा न घेता चालणारी ही व्यवस्था आहे, आणि माझ्या मते तिचे हे मोठेपण कमी लेखले जाते.

तरीही कार्यक्षमतेचा हिशेब इथे एक पायरी गाळतो. काहींना नुकसानीपेक्षा जास्त मिळते, काहींना कमी, एकंदरीत बरोबरी होते, असा युक्तिवाद केला जातो. पण ही बरोबरी कागदावर होते, कुणा एकाच्या घरात होत नाही. तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी उपयुक्ततावादावर ठेवलेला आक्षेप हाच होता: अनेकांचे सुखदुःख एका बेरजेत घातले की माणसे वेगवेगळी आहेत हेच नजरेआड होते. पीक साधलेल्याला मिळालेले दहा हजार रुपये आणि पीक गेलेल्याला न मिळालेले दहा हजार रुपये सारखे नसतात. ते सारखे असते तर विम्याची गरजच कुणाला पडली नसती. शिवाय सरासरीची चूक आळीपाळीने सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. नदीकाठची सखल जमीन अतिवृष्टीत दर वेळी बुडते, माळावरचे मुरमाड रान पावसाच्या खंडात आधी करपते. त्यामुळे फटका बसणारी नावे बरीचशी तीच राहतात.

विमा हा करार आहे, 2020 पासून तो कर्जदारालाही ऐच्छिक आहे, मग न्यायाची भाषा कशाला, असे कुणी म्हणेल. खाजगी करारापुरते ते पटेल. पण इथे शेतकरी खरिपात विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीत दीड आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत भरतो. वरचा हप्ता केंद्र आणि राज्य देतात. सार्वजनिक पैसा कुणापर्यंत पोचतो आणि कुणाला चुकवून जातो, याचा जाब विचारता आलाच पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वैयक्तिक पाहणी आणली की लबाडी आली. महाराष्ट्रात 2023 साली एक रुपयात विमा आला, बोगस अर्जांचा गदारोळ झाला, आणि 2025 च्या खरिपापासून ती सवलत गेली. तिच्याबरोबर स्थानिक आपत्तीची वैयक्तिक भरपाईही वगळून सारी भिस्त पीक कापणी प्रयोगांवर ठेवण्यात आली. पण बोगस अर्ज म्हणजे दुसऱ्याच्या किंवा पडीक जमिनीवर काढलेला विमा. तो सरासरीच्या पद्धतीत तर अधिकच खपतो, कारण तिथे शेतात पाहायला कुणी येतच नाही. त्याचा इलाज सातबारा आणि पीकपाहणी पडताळण्यात आहे. गारपिटीत खरोखर झोडपला गेलेल्याचे संरक्षण काढून ती लबाडी थांबत नाही. शेतोशेतची पाहणी टाळून वाचलेल्या पैशातला काही भाग मंडळाऐवजी गाव हे एकक धरण्यावर आणि प्रयोगांची संख्या वाढवण्यावर खर्चता येईल. विमा कंपन्या याला खर्चवाढ म्हणतील. तो खर्च आजही होतोच आहे. फक्त तो सखल रानातला शेतकरी भरतो आणि तो कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.